लिक्विड घालूनही स्लॅब दर पावसाळ्यात का गळतो?

मृगाचा पहिला दणकून पाऊस झाला की फोन सुरू होतात. कोल्हापूरच्या आसपास पाचगाव, कळंबा, उचगाव, फुलेवाडी, पत्ता कुठलाही असो, तक्रार तीच. "स्लॅब घालताना पोत्यागणिक वॉटरप्रूफिंगचं लिक्विड घातलं होतं. डबे मी स्वतः दुकानातून आणून दिले होते. तरी हॉलमध्ये टपकतंय." पुढचा प्रश्नही ठरलेला: "डबा डुप्लिकेट होता काय?"

डुप्लिकेट माल बाजारात असतो, नाही असं नाही. पण बहुतेक वेळा डबा खरा असतो आणि तो वापरला चुकीचा जातो. गळतीच्या बाबतीत काँक्रीटमध्ये घालायची रसायनं दोनच मोठी कामं करतात: मालातलं पाणी कमी करू देतात, आणि पाणी कमी केल्यावर जी बारीक छिद्रं उरतात ती बुजवतात किंवा त्यांना पाणी न धरणारी करतात. पाणी होतं तेवढंच ठेवून वरून लिक्विड ओतलं तर पहिलं काम झालंच नाही, आणि दुसरं काम त्या लिक्विडच्या आवाक्याबाहेर गेलं. एवढं समजलं तर पुढचं सगळं सोपं आहे. न समजता दरवर्षी नवा डबा आणत राहिलात तर दुकानदार खूश राहील, बाकी काही नाही.

आधी गळती कुठली ते ओळखा

गळती म्हटलं की लोक थेट गच्चीवर कोटिंग मारायला निघतात. थांबा. पाणी कधी येतं याची नोंद पाऊस पडत असतानाच ठेवा, कारण निम्मं निदान त्यातच होतं.

पाऊस सुरू झाल्यावर तासाभरात टपकायला लागतं आणि पाऊस थांबला की थांबतं, तर पाण्याला सरळ मोकळी वाट आहे. ती बहुतेक वेळा पॅरापेट आणि स्लॅबच्या सांध्यात, पावसाळी पाइपाच्या तोंडाशी, किंवा उघड्या भेगेत सापडते. पाऊस उघडून दोन दिवस झाले तरी टपकतच राहतं, तर गच्चीवरच्या कोब्यात, म्हणजे स्लॅबवर टाकलेल्या विटांच्या थरात, पाणी साठलंय आणि ते सावकाश झिरपतंय. मार्च-एप्रिलमध्येही डाग ओला असेल तर पावसाचा संबंधच नाही. वरची बाथरूम, नहाणी ट्रॅप, टाकीचं कनेक्शन तपासा.

छताला पांढरे ओघळ किंवा छोट्या लोंब्या दिसत असतील तर पाणी काँक्रीटच्या पोटातून जातंय. सिमेंटमधला चुना ते सोबत घेऊन येतं आणि हवेत आल्यावर तो पांढरा होऊन बसतो. हे पाणी मालातल्या छिद्रांतून येतं, म्हणजे मूळ माल पातळ होता किंवा नीट दाबला नव्हता. सळीच्या रेषेत तांबूस डाग उमटले असतील तर प्रकरण पुढं गेलंय. त्याबद्दल शेवटी.

एक फसवणारी जागा सांगतो. पंख्याच्या हुकातून किंवा लाइटच्या बॉक्समधून पाणी येतं, आणि मालक त्याच्या बरोब्बर वरची फरशी फोडायला लावतो. स्लॅबमध्ये टाकलेले वायरिंगचे पाइप हेच पाण्याचे पाट असतात. पाणी शिरतं जिन्याजवळ आणि बाहेर पडतं बेडरूममध्ये. अशा वेळी गच्चीचे भाग पाडा, प्रत्येक भागाला सिमेंट-वाळूचे बांध घालून आळी करा, एकेक भाग भरून दिवसभर वाट बघा. वेळ जातो, पण फोडाफोड वाचते. आणि ते आधी करा. मिस्त्रीने फरशी उचकटल्यावर आळी कशाची करणार?

एक सरळ आडवी रेषा धरून गळत असेल तर स्लॅब घालताना काम कुठे थांबलं होतं ते आठवा. मे महिन्यात दुपारी स्लॅब चालू असतो, चारच्या सुमारास पन्हाळ्याच्या अंगानं ढग भरून येतात, वळीव कोसळतो, माणसं पळतात. पाऊस उघडल्यावर अर्धवट घट्ट झालेल्या मालाला नवा माल तसाच चिकटवला जातो. तो सांधा कधीच एकजीव होत नाही. मालात कितीही भारी रसायन असलं तरी ते या सांध्याला उपयोगी पडत नाही. थांबावंच लागलं तर कडा खडबडीत सोडा. पुन्हा सुरू करताना सुटा माल ब्रशने झाडून, धुऊन, सिमेंटची दाट स्लरी लावून मगच पुढं जा.

पाण्याचा हिशेब

सिमेंटला घट्ट व्हायला पाणी लागतं, पण किती? वजनाच्या साधारण २३ टक्के पाणी रासायनिक क्रियेत बांधलं जातं. पन्नास किलोच्या पोत्याला ते साडेअकरा लिटर झालं. सिमेंट भिजून जे जेल तयार होतं त्याच्यातल्या अतिसूक्ष्म जागांत आणखी १५ टक्क्यांच्या आसपास अडकतं. म्हणजे पोत्यामागे १९ लिटर हे सिमेंटचं स्वतःचं पाणी. त्याच्यावरचं सगळं पाणी आपण माल हलवायला, पसरायला म्हणून घालतो. काम झाल्यावर ते पाणी निघून जातं आणि मागे त्याच्या वाटा राहतात. त्याच वाटांनी पुढं पाऊस आत येतो.

साइटवर होतं काय? पोतं फुटतं, मिक्सर फिरतो, आणि पाणी पाइपाने सोडलं जातं. मोजणारा कोणी नसतो. "मालक, माल सरकंना झालाय, पाणी सोडू काय जरा?" या प्रश्नाला मालकाने मान डोलावली की संपलं. पाइपाने पाणी सोडणाऱ्या साइटवर पोत्याला ३५ लिटर सहज जातं. आता हजार चौरस फुटांचा पाच इंची स्लॅब धरा. माल होतो सव्वाचार ब्रासच्या आसपास, सिमेंट ९० ते ९५ पोती. पोत्याला दहा लिटर जास्त म्हणजे स्लॅबभर साडेनऊशे लिटर जादा पाणी. गच्चीवरची हजार लिटरची काळी टाकी जवळपास रिकामी होईल इतकं पाणी त्या मालात शिरलं आणि नंतर निघून गेलं. त्याने सोडलेल्या जागा पोत्यामागे घातलेल्या २०० मिली लिक्विडने बुजतील, ही अपेक्षाच चुकीची आहे.

आयएस ४५६ हे काँक्रीटचं भारतीय मानक काढून बघितलं तर पावसाला उघड्या असलेल्या आरसीसीला ते मध्यम वर्गात टाकतं: ताकदीची ग्रेड किमान एम२५, घनमीटरला किमान ३०० किलो सिमेंट, आणि पाणी-सिमेंट प्रमाण जास्तीत जास्त ०.५०. म्हणजे पोत्याला २५ लिटर. जोरदार पाऊस आणि सतत ओलं-सुकं होणारी जागा असेल तर वर्ग बदलतो: एम३०, ३२० किलो, ०.४५. गगनबावडा, राधानगरी, शाहूवाडीच्या अंगाला घर बांधणाऱ्याने हा दुसरा वर्ग धरावा असं माझं स्पष्ट मत आहे. शिरोळचा पाऊस आणि गगनबावड्याचा पाऊस यांत जमीन-अस्मानाचा फरक, आणि आपल्याकडे दोन्हीकडे तोच एक-दीड-तीनचा (सिमेंट-वाळू-खडी) माल चालतो. त्यात २५ लिटरमध्ये वाळूतलं पाणीही आलं, हे कोणी धरत नाही. वाळू रात्री पावसात भिजली असेल तर तिच्यातच पाच टक्के पाणी असू शकतं. पोत्यामागे वाळू ८० किलोच्या आसपास जाते, म्हणजे चार लिटर आधीच आत गेलं.

पाणी आणि छिद्रं यांचं नातं पॉवर्स या अमेरिकन शास्त्रज्ञाने १९५०च्या दशकात मोजून ठेवलंय, आणि मला ते आकडे सगळ्यात उपयोगी वाटतात. सिमेंट भिजत राहिलं की त्याचं जेल वाढत जातं आणि पाण्याच्या वाटा मधे मधे तुटतात. प्रमाण ०.४५ असेल तर वाटा तुटायला सात दिवसांचं क्युरिंग पुरतं. ०.५० असेल तर चौदा दिवस लागतात. ०.६० ला सहा महिने. ०.७० ला वर्ष. आणि त्याच्यावर गेलात तर कितीही पाणी मारा, वाटा कधीच बंद होत नाहीत. ३५ लिटर भागिले ५० करून बघा म्हणजे ०.७० हा आकडा कुठून येतो ते कळेल.

मग डब्याचं काम काय?

२५ लिटरमध्ये क्रश सँडचा माल खरंच सरकत नाही. गवंडी खोटं बोलत नाही. नदीची वाळू गोल दाण्याची होती, ती कमी पाण्यात चालायची. खाणीच्या काळ्या दगडाची क्रश सँड कोनेदार असते, शिवाय तिच्यात भुकटी असते. म्हणून पाण्याची जागा घेणारं काहीतरी द्यावं लागतं, ते म्हणजे प्लास्टिसायझर. सिमेंटचे कण पाण्यात एकमेकांना चिकटून गोळे करतात आणि पाणी पोटात अडकवून ठेवतात. प्लास्टिसायझर ते गोळे सोडवतो, अडकलेलं पाणी मोकळं होतं, माल सरकतो. साधा लिग्नोचा (लिग्नोसल्फोनेट) प्लास्टिसायझर पाच ते दहा टक्के पाणी वाचवतो, नॅप्थलीनचा सुपरप्लास्टिसायझर, म्हणजे जास्त ताकदीचा, १५ ते २५, आणि पीसीई (पॉलिकार्बोक्सिलेट) प्रकारचा त्याहून जास्त. ताकद वाढते ती या वाचलेल्या पाण्यामुळे. रसायनात स्वतःची अशी ताकद काही नसते.

डबा घेताना त्यावरचा आयएस नंबर वाचा. आयएस ९१०३ लिहिलं असेल तर ते माल सरकवणारं, पाणी कमी करणारं किंवा सेटिंग मागेपुढे करणारं ॲडमिक्श्चर, म्हणजे मालात घालायचं रसायन. आयएस २६४५ असेल तर ते मालात मिसळायचं वॉटरप्रूफिंग कंपाउंड. दुकानात दोन्ही "लिक्विड" याच नावाने मिळतात, त्यामुळे मागताना गोंधळ होतो. वॉटरप्रूफिंगची काही लिक्विडं थोडंफार प्लास्टिसायझरचं काम करतात, पण थोडंफारच.

वॉटरप्रूफिंग कंपाउंडचे साधारण दोन वंश आहेत. जुना, स्वस्त वंश स्टिअरेटसारख्या साबणी-मेणचट पदार्थांचा: छिद्रांच्या भिंतींना तो पाणी नकोसं करतो. पाऊस पडून वाहून जात असेल, दाब नसेल, तिथे चालतो. पाणी उभं राहिलं, दाब आला, की हरतो. दुसरा वंश क्रिस्टलाइनचा. सिमेंटमधला मोकळा चुना आणि ओल यांच्याशी क्रिया होऊन छिद्रांत न विरघळणारे स्फटिक वाढतात. केसासारख्या बारीक भेगाही तो पुढे ओल आल्यावर भरू शकतो. जमिनीतली टाकी, तळघर, लिफ्टचा खड्डा अशा ठिकाणी मी क्रिस्टलाइनच सुचवतो. गच्चीला ते घालायला हरकत नाही, पण खिसा बघा. गच्चीला उतार दिला आणि पाणी उभं राहू दिलं नाही तर त्या पैशांत चांगला प्लास्टिसायझर आणि भाड्याचा व्हायब्रेटर येतो, आणि माझा कौल त्यालाच आहे.

एसबीआर लेटेक्स हे वेगळंच प्रकरण. ते दुरुस्तीच्या मालाला आणि जुन्या-नव्याच्या सांध्याला चिकटवण्यासाठी आहे. अख्ख्या स्लॅबच्या मालात कोणी ते ओततंय असं दिसलं तर हात धरा. फायबरचे धागे पोत्याला १२५ ग्रॅम घालतात, ते पहिल्या काही तासांत पडणाऱ्या आकसण्याच्या भेगा रोखतात, मे महिन्याच्या वाऱ्यात उपयोगी आहेत. मात्र ते सळीची जागा घेत नाहीत. सिलिका फ्यूम, म्हणजे सिलिकाची अतिबारीक भुकटी, अफाट चांगला, पण तो पाणी पितो. सुपरप्लास्टिसायझरशिवाय घातला तर गवंडी पुन्हा पाइप उघडणार आणि गेलं सगळं पाण्यात. घरगुती साइटवर त्याच्या नादाला लागू नका.

फ्लाय ॲश, म्हणजे औष्णिक वीज केंद्रातली कोळशाची राख, वेगळी विकत आणण्याची गरज नाही. पीपीसीच्या, म्हणजे राख मिसळलेल्या सिमेंटच्या, पोत्यात ती आधीच १५ ते ३५ टक्के असते. सिमेंट घट्ट होताना जो चुना मोकळा पडतो त्याच्याशी ती सावकाश क्रिया करते आणि माल अधिक घट्ट विणते. स्लॅबला "५३च पाहिजे", म्हणजे राख नसलेलं ५३ ग्रेडचं सिमेंटच हवं, असा हट्ट आपल्याकडे फार आहे. गच्चीसाठी नीट भिजवलेला पीपीसी पाण्याला जास्त चांगला अडवतो. अट एकच, भिजवणं वाढवावं लागतं.

ओतायचं कसं

सगळ्यात जास्त घोळ इथे होतो, म्हणून जरा बारकाईने सांगतो. पहिलं, माप. लिक्विड वॉटरप्रूफिंगच्या डब्यावर बहुधा पोत्याला २०० मिली असं लिहिलेलं असतं, पावडर असेल तर किलोभर. साइटवर ते झाकणाने किंवा चहाच्या कपाने घातलं जातं, आणि दुपारनंतर तर सरळ डबा तिरका करून. जास्त घातल्याने जास्त वॉटरप्रूफ होत नाही. उलट मालात हवा धरली जाते, आणि हवा एक टक्का वाढली की ताकद साधारण पाच टक्के घटते. सुपरप्लास्टिसायझर जास्त झाला तर खडी खाली, पाणी वर, आणि सेटिंग लांबतं. आयएस ४५६ ने प्लास्टिसायझरला सिमेंटच्या एक टक्का आणि सुपरप्लास्टिसायझरला दोन टक्के ही कमाल मर्यादा घातली आहे. पोत्याला अर्धा किलो आणि एक किलो. प्रत्यक्ष डोस त्याच्या बराच आत असतो.

दुसरं, पाण्याचं माप. यावर एक साधा इलाज आहे. प्लास्टिकच्या बादलीत मोजून साडेबारा लिटर पाणी ओता, पातळीवर खूण करा आणि त्या खुणेवर गरम सळीने भोक पाडा. बादली कितीही भरली तरी जास्तीचं पाणी भोकातून सांडतं. पोत्याला अशा दोन बादल्या, वाळू ओली असेल तर त्यातून कमी. पाइपाचं तोंड मिक्सरपासून लांब, फक्त बॅरलमध्ये. सांगून कोणी ऐकत नाही. बादलीला भोक असलं की सांगावंच लागत नाही.

तिसरं, क्रम. कोरड्या सिमेंटवर रसायन ओतू नका, ते जिथं पडेल तिथंच शोषलं जातं. आधी खडी, वाळू, सिमेंट आणि तीन चतुर्थांश पाणी फिरवा. उरलेल्या पाण्यात रसायन मिसळा आणि ते शेवटी सोडा. त्यानंतर निदान दोन मिनिटं मिक्सर फिरू द्या. पीसीई प्रकाराला ही दोन मिनिटं फार महत्त्वाची आहेत: सुरुवातीला माल कोरडा दिसतो, गवंडी पाण्याकडे धावतो, आणि मिनिटभरानं माल आपोआप सैल होतो. सकाळी पहिल्या दोन-तीन घाण्यांना मालकाने मिक्सरपाशी उभं राहिलं तर पुढचा दिवस नीट जातो.

दोन कंपन्यांचे दोन डबे एकत्र घालणार असाल, म्हणजे एकाचा प्लास्टिसायझर आणि दुसऱ्याचं वॉटरप्रूफिंग, तर आदल्या दिवशी एका पोत्याचा माल करून बघा. काही जोड्या एकमेकांशी जमत नाहीत. माल पंधरा मिनिटांत आवळतो किंवा रात्रभर सेट होत नाही. त्याच मालाचे क्यूब, म्हणजे तपासणीचे ठोकळे, भरून ठेवा. पंधरा सेंटीमीटरचा क्यूब एम२५ चा असेल तर अठ्ठावीस दिवसांनी त्याने ५७ टनांच्या आसपास भार घ्यायला हवा. क्यूब तपासणी इंजिनिअरिंग कॉलेजांच्या प्रयोगशाळांत पैसे भरून करून मिळते.

क्रश सँडची भुकटीही बघा. आयएस ३८३ दगड फोडून केलेल्या वाळूत १५ टक्क्यांपर्यंत भुकटी चालवून घेतं. आपल्याकडच्या काही ट्रॉल्यांत ती त्याच्या वर असते, आणि सोबत मातीही असेल तर रसायन मातीच खाऊन टाकते. काचेच्या बाटलीत वाळू आणि पाणी घालून हलवून ठेवा, वर बसणारा थर किती जाड आहे ते दिसेल. प्लास्टिसायझर "लागला नाही" अशी तक्रार असेल तेव्हा मी डब्याआधी ट्रॉली तपासतो.

रेडीमिक्स मागवलात तर हे सगळं प्लांटवर होतं, पण एक धोका राहतो. गाडी शहरातल्या ट्रॅफिकमध्ये अडकली, माल आवळला, की ड्रायव्हर ड्रममध्ये पाणी सोडतो. चलनावर निघाल्याची वेळ बघा, दोन तास उलटले असतील तर माल घेऊ नका. माल आवळलाच असेल तर प्लांटच्या माणसाने मोजून ॲडमिक्श्चर घालावं, पाणी नाही.

गूळ, मळी आणि भट्टीची राख

हे खास आपल्या भागासाठी. जुन्या वाड्यांच्या चुन्यात गूळ, बेलफळ, हिरडा घालत असत, ते खरं आहे. चुन्याला ते मानवतं. म्हणून कोणीतरी अधूनमधून सिमेंटच्या मालातही गुळाचं पाणी घालायला सांगतं. सिमेंटचा आणि साखरेचा छत्तीसचा आकडा आहे. सिमेंटच्या वजनाच्या ०.०५ टक्के साखर, म्हणजे पोत्याला २५ ग्रॅम, तेवढीच सेटिंग काही तास लांबवते. ०.२ टक्क्यांच्या पुढं गेलं की माल जवळजवळ सेटच होत नाही. हा धोका गूळ मुद्दाम न घालताही असतो. गुऱ्हाळावरून आणलेलं काकवीचं पिंप, मळीचा ड्रम पाणी साठवायला लावला की झालं. स्लॅब दुसऱ्या दिवशीही नखाने खरवडला जातोय अशी तक्रार आली की मी पहिल्यांदा पिंपाचा वास घेतो. साखर कारखान्याची रिकामी ज्यूटची पोती क्युरिंगला पसरणार असाल तर तीही आधी धुऊन घ्या, नाहीतर वरचा थर पीठ सुटल्यासारखा राहतो.

कारखान्याच्या बॉयलरमधली बगॅसची, म्हणजे उसाच्या चिपाडाची, राखही फुकट मिळते म्हणून घालतात. नीट जाळून, बारीक दळून वापरली तर ती फ्लाय ॲशसारखं काम करते, यावर अभ्यास झालेले आहेत. पण ढिगाऱ्यातून उचललेल्या राखेत न जळलेला कार्बन असतो. तो पाणीही पितो आणि प्लास्टिसायझरही. घराच्या स्लॅबवर हा प्रयोग नको.

आणि सेटिंग लवकर व्हावं म्हणून कॅल्शियम क्लोराइड असलेलं ॲक्सिलरेटर कोणी आणलं तर ते सळी असलेल्या कामात अजिबात घालू देऊ नका. क्लोराइडमुळे सळी गंजते.

दाबणं आणि भिजवणं

मालात पाच टक्के पोकळ्या राहिल्या तर ताकद तीस टक्क्यांच्या आसपास घटते. प्लास्टिसायझरने मिळवलेलं सगळं इथे घालवता येतं. व्हायब्रेटरची नीडल सरळ उभी घाला, पाच ते पंधरा सेकंद, बुडबुडे थांबले की हळू बाहेर. सळीला टेकवून माल ढकलायचं काम नीडलकडून करून घेऊ नका. मुळात बीमची सळी इतकी दाट बांधलेली असते की वीस मिमीची खडी आत जातच नाही. तिथे दहा-बारा मिमीची खडी वापरा, नाहीतर खाली हनिकोंब, म्हणजे पोकळ जाळीदार माल, ठरलेलं.

भिजवण्याची मुदत आयएस ४५६ प्रमाणे साध्या ओपीसीला, म्हणजे राख नसलेल्या सिमेंटला, किमान सात दिवस, पीपीसीला दहा. कोरड्या-गरम हवेत दहा आणि चौदा. एप्रिल-मेचा कोल्हापूरचा वारा लक्षात घेता चौदाच धरा. त्यातले पहिले काही तास सगळ्यात मोलाचे. पृष्ठभाग ओढून झाला की प्लास्टिक किंवा ओलं गोणपाट टाकायला हवं. संध्याकाळपर्यंत उघडा ठेवून दुसऱ्या दिवशी आळी भरली तर आकसण्याच्या भेगा रात्रीच पडलेल्या असतात, त्या पाण्याने मिटत नाहीत. दिवसातून दोनदा पाइपाने फवारणं म्हणजे क्युरिंग नव्हे; दुपारी दोन वाजता स्लॅबवर हात ठेवून बघा, कोरडा लागला तर ते क्युरिंग तुटलं.

स्लॅब झालेला आहे आणि गळतोय, आता काय?

घातलेल्या स्लॅबच्या पोटात कुठलंही ॲडमिक्श्चर आता जाऊ शकत नाही. त्यामुळे "वरून लिक्विड शिंपडून देतो, महिन्यात मुरेल" म्हणणाऱ्याला चहा पाजून परत पाठवा. उपाय जागेवर अवलंबून आहे. पॅरापेटचा सांधा असेल तर गिलावा काढून पॉलिमर मिसळलेल्या मालाचा गोलसर वाटा, म्हणजे कोपऱ्यातली गोलाई, तो भिंतीवर किमान वीतभर चढलेला. हनिकोंब असेल तर भोकं पाडून नोझल बसवून, आकसू न देणारं रसायन घातलेल्या सिमेंट स्लरीचं ग्राउटिंग. हलणारी भेग, म्हणजे थंडीत उघडणारी आणि उन्हात मिटणारी, तिला सिमेंटचा माल टिकत नाही. खाच पाडून लवचीक सीलंट भरा. आणि उतार. गच्चीला शंभर फुटाला एक फूट उतार नसेल तर कोटिंग कितीही महाग घ्या, डबकी त्याला खातात.

जुन्या कोब्यावर दुसरा कोबा टाकायची पद्धत मला मान्य नाही. चार इंची विटांचा कोबा चौरस फुटाला अठरा किलोच्या पुढे जातो. हजार फुटांवर अठरा टनांहून जास्त वजन, आणि खालच्या कोब्यात साठलेलं पाणी तसंच कोंडलेलं. जुना काढा, स्लॅब उघडा करा, मग करा.

खालून छताला वॉटरप्रूफ रंग मारणं तर सगळ्यात घातक. पाणी वरून येतच राहतं, फक्त दिसत नाही. रंगाच्या आड ते सळीला गंजवत राहतं, आणि गंज लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा घेतो. म्हणून एक दिवस कव्हरचा, म्हणजे सळीखालच्या काँक्रीटचा, पोपडा सुटून खाली येतो. तांबूस रेषा, फुगवटा, ठोकल्यावर पोकळ आवाज, यातलं काहीही दिसलं तर वॉटरप्रूफिंगवाल्याला नंतर बोलवा, आधी स्ट्रक्चरल इंजिनिअरला दाखवा.

पूरपट्ट्यातल्या घरांची तक्रार वेगळी असते. २००५, २०१९ किंवा २०२१ च्या पुरात पाणी शिरलेल्या घरात भिंती खालून फूट-दोन फूट ओल्या राहतात, खारट पापुद्रे सुटतात. ती ओल जमिनीतून वर चढते. तिला गच्चीवरचं कोटिंग लागू नाही, त्यासाठी वेगळं लिहावं लागेल.

आत्ता पावसात कोटिंग करू नका, ओल्या पृष्ठभागावर बहुतेक कोटिंग धरत नाहीत. पावसाळाभर नोंद ठेवा: कुठल्या दिवशी, किती पावसाने, कुठल्या खोलीत, किती वेळाने. डागाच्या कडेने पेन्सिलीने रेघ मारून तारीख लिहा, म्हणजे डाग वाढतोय की तोच आहे ते कळतं. पाऊस उघडून स्लॅब सुकल्यावर, दिवाळीच्या आसपास, ती नोंद घेऊन मिस्त्रीला बोलवा आणि आळी भरून त्याच्यासमोर खात्री करा. कोटेशन त्यानंतर मागा, आणि त्यात कामानंतर ४८ तास पाणी भरून दाखवण्याची अट लिहून घ्या. शेवटचा हप्ता ती चाचणी झाल्यावर.